जाफरभाईचे झिंगे

जाफरभाईशी माझं भांडण झालं नाही असा महिना जात नाही. घराला घर लागून. माझी पीठगिरणी सुरू झाली की त्याला फोनवर काही ऐकू येत नाही, आणि तो कूलरचा पत्रा ठोकायला बसला की गिऱ्हाईक जाड दळा म्हणतंय की बारीक, ते मला कळत नाही. मग मी भिंतीवरून ओरडते, तो भिंतीवरून ओरडतो, आणि त्याची बायको निशातभाभी दोघांनाही चहा देऊन गप्प करते. पण संध्याकाळी त्याच्या अंगणात झिंगे भाजायला लागले की माझा राग कुठल्या कुठे जातो. पोटाला स्वाभिमान नसतो, हे मी या वयात कबूल करून टाकते.

नागभीडमध्ये त्याला सगळे कूलरवाला म्हणतात. त्याआधी त्याचं सायकलचं दुकान होतं. घोडाझरी तलावावरचे ढिवर तेव्हा सायकलला टोपली बांधून मासे विकायला गावात येत, त्याच्याकडे पंक्चर काढून घेत आणि जाताना चार मासे ठेवून जात. पुढे हा गडी दुपारी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर तलावाच्या पाळीवर जाऊन बसायला लागला. मासा भाजायचं तो तिथे शिकला. पुढे सायकली गेल्या, दुकानात कूलर आणि मिक्सर आले, पण जुन्या सायकलींचे स्पोक त्याने डब्यात जपून ठेवले. त्यांच्यावर तो झिंगे ओवतो.

भट्टी म्हणजे एक लोखंडी घमेलं आणि त्यावर त्याने स्वतः वेल्डिंग केलेली सळ्यांची जाळी. मरळ असेल तर पोटात लसूण, हिरवी मिरची आणि सांबार वाटून भरायचा, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि पळसाच्या पानात गुंडाळून दोरा बांधायचा. पळस झडला की केळीचं पान. झिंग्यांना हळद, तिखट, लिंबू आणि बोटभर जवसाचं तेल. बाकी घरावर राज्य निशातभाभीचं, पण जाळीजवळ तिलाही चिमटा हातात धरायची परवानगी नाही. भाजताना तो बोलत नाही आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाही. पानाच्या आतला मासा चुरचुरतो त्यावर त्याचे कान असतात. "आयकू येऊ द्या जी," म्हणतो. मी तेवढा वेळ गप्प बसते. माझ्या नवऱ्यालाही कधी ते साधलं नव्हतं.

त्याला एकच मुलगी, शिरीन. ब्रह्मपुरीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, रोज बसने जाते-येते. तिच्यासाठी आधी दोन स्थळं येऊन गेली होती. एकांना बाप पत्रे ठोकणारा चालला नाही, दुसऱ्यांना मुलगी नोकरीवाली चालली नाही. दोन्ही वेळा निशातभाभीने बिर्याणी केली, त्यांनी ती पोटभर खाल्ली, डब्यात भरून नेली, आणि मग घरी जाऊन नाही म्हणून कळवलं. त्या बिर्याणीचं दुःख मला अजून आहे.

तिसरा आकिब. गडचिरोलीचा पोरगा, शेतांमध्ये सौरपंप बसवतो. जंगलातल्या गावांत काम करता करता ताप घेऊन आला आणि रक्त द्यायला शिरीनसमोर बसला. "पहिल्याच भेटीत पोराचं रक्त काढलंस, लग्नानंतर काय करशील?" असं मी चिडवलं की ती ओढणीत तोंड लपवायची. या पोरीला लाजता येतं हे मला तेव्हा कळलं. आधीचे नकार तिने खांदे उडवून झटकले होते. इथून नकार आला असता तर तो तिला झटकता आला नसता. ते मला दिसत होतं, तिच्या आईला दिसत होतं, आणि जाफरभाईची तर त्यामुळे झोपच उडाली होती.

आकिबला वडील नाहीत. आई जाहिदाबाई शिवणकाम करते आणि घरात शब्द चालतो मामाचा, अकरमभाईचा. रमजान तोंडावर आला होता, त्याच्या आत मुलगी पाहून बोलणी करू, असा निरोप आला. शिवरात्रीला माझा कडक उपास, म्हणून दुसऱ्या दिवशी बोलवा असं मीच सांगितलं. शेजारी मेजवानी आणि मी भगर खात बसलेली, हे मला जमणारं नव्हतं.

"बिर्याणी नाई," जाफरभाईने जाहीर केलं. "मासे अन् झिंगे. मी भाजीन."

"पाह्यलं का बाई," निशातभाभी माझ्याकडे वळली, "लोक पोरगी पाह्यले येऊन राह्यले, अन् ह्यो माणूस त्याह्यले अंगणात धुरात बसवते!"

"दोनदा बिर्याणी खाऊन गेले ना? काय झालं? मले जे येते तेच मी खाऊ घालीन. पसंत पडलं तं पडलं."

शिरीन आतून म्हणाली, "अम्मी, अब्बाले करू दे." मग विषयच संपला.

शिवरात्रीच्या दुपारी अवकाळी पाऊस आला. वाऱ्याने कोळशाच्या पोत्यावरचं प्लास्टिक उडालं आणि पोतं भिजून चिंब झालं. सकाळी पाहुणे यायचे आणि पेटवायला कोळसा नाही. बाजारात मिळाला तोही ओला. जाफरभाई अंगणात येरझारा घालत होता, तेव्हा त्याची नजर पलीकडच्या लटारूभाऊच्या गोठ्यामागे गेली. लटारूभाऊ धानाचा शेतकरी, त्याचा दुसऱ्या बाजूचा शेजारी. तो बायकोला, इंदुताईला घेऊन मार्कंड्याच्या जत्रेला गेला होता. त्यांचं रोजचं जळण पडवीत असतं. पण गोठ्यामागे एक निराळा ढीग होता, नीट फोडलेला, वर ताडपत्री झाकलेली. जाफरभाईला वाटलं, चांगलं लाकूड लटारूने पाहुण्यारावळ्यांसाठी बाजूला ठेवलं असणार. जत्रेच्या गर्दीत फोन लागेना. इतक्या वर्षांचा शेजार, मग विचारायचं तरी काय, असं म्हणून त्याने दोन मोळ्या उचलून आणल्या.

"मस्त सुकं हाये, बाई," मला दाखवत म्हणाला. मला लाकडातलं काय कळतं? माझ्या घरी गॅस आहे.

मेजवानी मात्र अशी झाली की सांगता सोय नाही. लाकडाचा धूर जरा उग्र होता, आकिब नको नको म्हटलं तरी फुंकणी घेऊन घमेल्याशी बसला आणि जाहिदाबाईची खुर्ची नेमकी वाऱ्याच्या तोंडावर आली. पण निखारे पडले, झिंगे लालबुंद झाले आणि अकरमभाई, जो आल्यापासून घड्याळ पाहत होता, त्याने बाह्या वर केल्या. तांदळाच्या भाकरी मी करत होते. पुरवता पुरवता माझे हात दुखले. जाफरभाईने एका क्षणी चिमटा आकिबच्या हातात दिला, तेव्हा निशातभाभीने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. याचा अर्थ काय तो पाहुण्यांना कळला नसेल, आम्हाला कळला. निघताना अकरमभाई म्हणाला, "ईदनंतर तारीख काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशात पाहिलं तर माझी मान लाल, अंगावर फोड आणि एक डोळा गायब. भिंतीवरून डोकावले तर जाफरभाईचं तोंड भोपळ्याएवढं. निशातभाभीचे हात सुजलेले, शिरीनच्या डोळ्यांच्या नुसत्या चिरा राहिलेल्या. आम्ही एकमेकांकडे बघत उभे होतो आणि तेवढ्यात अकरमभाईचा फोन आला. ओरडणं असं की मला भिंतीपलीकडे ऐकू आलं.

"बाशे, सडके झिंगे खाऊ घातले तुमी आमाले! ताईचे डोये उघडून नाई राह्यले. पोराले दवाखान्यात न्या लागलं. कायची सोयरीक अन् कायचं काय!"

मला वाटलं होतं जाफरभाई उलटा ओरडेल. माझ्यावर तर तो रोज ओरडतो. पण त्याने फोन ठेवला, कचऱ्यातली झिंग्यांची टरफलं उचलून हुंगली, परत टाकली. मग जाळी सोडवली, स्पोकांचा डबा घेतला आणि दोन्ही नेऊन दुकानामागच्या भंगारात फेकून दिलं. "मी पोरीचा घास हिसकला, बाई," मला म्हणाला. "आता पुन्यांदा भाजणार नाई." त्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. मला माझ्या गिरणीचा आवाज एकटाच ऐकू येत होता आणि खरं सांगते, मला रडू आलं.

चिरांसारख्या डोळ्यांनी शिरीनने फोनवर नंबर शोधला आणि जाहिदाबाईला विचारलं, ताप आहे का, श्वास लागतो का, दवाखान्यातून कोणतं मलम दिलं. पलीकडून उत्तरं तुटक येत. तरी तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तिसऱ्या दिवशीही केला.

मग लटारूभाऊ जत्रेहून आला. प्रसाद द्यायला म्हणून फाटकातून आत शिरला, जाफरभाईचं तोंड पाहिलं आणि तिथेच थबकला.

"काऊन जी जाफरभाई, बिबा उतला का तुले?"

"बिबा? मी कुठी बिबा खाल्ला?"

लटारूभाऊ तसाच गोठ्यामागे गेला आणि डोक्याला हात लावून परत आला. पावसाळ्यात वादळाने त्याच्या शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, बिब्याचं झाड पडलं होतं. कुंपणाला खुंट होतील म्हणून त्याने ते फोडून ठेवलं, आणि इंदुताईने चुकून चुलीत घालू नये म्हणून मुद्दाम निराळं रचलं. बिब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, सुजून फोड येतात, हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या लाकडाचा धूरही तेच करतो, आणि लगेच नाही, दुसऱ्या दिवशी. आम्ही गावातली माणसं बिबा किराणा दुकानात ओळखतो. त्याचं झाड आणि त्याचं लाकूड ओळखायची वेळ आमच्यावर कधी आली?

लटारूभाऊ आधी पोट धरून हसला. मग जाफरभाई हसत नाही हे पाहून ओशाळला. इंदुताईने घरून खोबऱ्याचं तेल आणून निशातभाभीच्या हातांना लावायला घेतलं. लग्नात बिब्बा घालण्यावरून जो विनोद होतो, तो तोवर गल्लीत प्रत्येकाने करून झाला आहे, म्हणून मी करत नाही.

"मंग आता फोन करा न," निशातभाभी म्हणाली. "मासे चांगले होते म्हणून सांगा त्याह्यले."

"अन् लाकूड कोणाचं होतं, ते काय सांगू?" जाफरभाई म्हणाला. "शेजारी देवाले गेला, अन् मी त्याच्या गोठ्यामागून लाकूड उचललं. पोरीचा बाप चोर आहे, असं सांगू?"

"आता मले राग येऊन राह्यला," लटारूभाऊ तडकला. "माह्यं लाकूड अन् तुही चोरी? तू असं सांग, लटारूनंच देल्लं. मी बी तसंच सांगतो. मले का सोयरीक करायची आहे? माह्यं काय जाते?"

आम्हा सगळ्यांना ते पटलं. किती सोपं होतं. चूक लटारूची, मासे निर्दोष, जाफरभाईची अब्रू शाबूत. मी तर म्हटलं, मीही साक्ष देते. जाफरभाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फोन लावला.

"अकरमभाई, झिंगे ताजे होते," तो म्हणाला. "लाकूड बिब्याचं होतं. शेजारी घरी नव्हता, त्याले न इचारता मी उचललं. चूक माही एकट्याची आहे. जाहिदाबाईले माफी मागतो म्हणून सांगा."

पलीकडून मग "बरं" असा एक शब्द आला आणि फोन बंद.

"मोठा आला हरिश्चंद्र!" मी भडकले. "तुझ्या खरेपणाचं लोणचं घालायचं का? पोरीचा विचार केला असता!"

"तिचाच केला, बाई," तो म्हणाला. "खोटं बोलून तिले देल्लं, तं तिले जन्मभर ते खोटं सांभाळा लागन." शिरीन दारात उभी होती. तिने येऊन बापाच्या तोंडाला मलम लावलं. मी घरी गेले, आणि गिरणी सुरू करून मोठ्याने माझी माझी बडबडत बसले.

रमजान सुरू झाला. सूज उतरली, कातडी सोलून नवी आली. गडचिरोलीहून काही कळलं नाही. शिरीनने आता फोन करणंही थांबवलं होतं. सकाळची बस पकडायला ती जाई तेव्हा मान खाली असायची. मी तिला चिडवणं बंद केलं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

अशात एका दुपारी ती कामावरून लवकर आली, धावत. जाहिदाबाईचा फोन आला होता. "रविवारी इफ्तारीले येऊन राह्यलो. तुह्या अब्बाले सांग, झिंगे पाह्यजे."

जाफरभाई नाही म्हणाला. हात चालणार नाहीत म्हणाला, समोसे आणू म्हणाला. निशातभाभीने ऐकून घेतलं नाही. स्वतः भंगारात शिरून तिने जाळी काढली, डबा काढला, एकेक स्पोक राखेने घासून चमकवला. लटारूभाऊ शेतातून बाभळीचं लाकूड घेऊन आला आणि आदल्या दिवशीच एक काटकी पेटवून स्वतः त्या धुरात उभा राहिला. "उद्या माह्यं तोंड पाह्य, मंगच पेटव," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड होतं तसंच होतं. सुंदर म्हणता येणार नाही, पण सुजलेलं नव्हतं.

रोजा असल्यामुळे जाफरभाईला मसाला चाखता येईना. वाटी घेऊन भिंतीशी आला. "बाई, मीठ पाहून सांगा." आजवर त्याने मला त्या वाटीला हात लावू दिला नव्हता. मी बोट बुडवलं. मीठ कमी होतं, सांगितलं. त्याने निमूट घातलं.

पाहुणे ऊन कलल्यावर आले. आकिबच्या गालावर नवी गुलाबी कातडी होती, जाहिदाबाईच्या कपाळावर काळे डाग उरले होते. अकरमभाईने खुर्ची उचलली आणि थेट फाटकाजवळ, वाऱ्याच्या उलट बाजूला नेऊन ठेवली. कुणी हसलं नाही. जाफरभाई घमेल्याशी मान घालून बसला होता.

अजानला थोडा वेळ होता. जाहिदाबाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ येऊन बसली.

"भाईसाब, अकरम म्हणे, हे लोक खोटं बोलून राह्यले. मी म्हटलं, ज्याले खोटंच बोलायचं असते, तो चांगलं खोटं बोलते. शेजाऱ्यानं देल्लं, असं नसतं का म्हणता आलं तुमाले?"

लटारूभाऊ एकदम आपल्या पायांकडे पाहायला लागला. मीही पाहिलं, माझ्या.

"आपली चोरी आपणच सांगून कोणी सोयरीक जोडते का? अन् हे पोरगी. आपले डोये मिटलेले, अन् मले इचारे, तुमाले दिसून राह्यलं का. असं घर सोडलं, तं माह्याएवढी येडी मीच."

तेवढ्यात अजान झाली. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले. जाफरभाईने भाजलेले झिंगे ताटलीत काढून स्वतः फाटकापाशी नेले आणि अकरमभाईसमोर धरले. अंगणात कुणीच खात नव्हतं, सगळे तिकडे बघत होते. अकरमभाईने एक झिंगा उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि तोंडात टाकला. चावला. मग दुसरा उचलला. मग खुर्ची उचलून घमेल्याजवळ आणून ठेवली आणि म्हणाला, "तिकडे थंडे होऊन राह्यले."

जाहिदाबाई उठली. तोंड गोड करायला आणलेला पेढ्यांचा डबा बसमध्येच राहिला होता, तो बिचारा कुठे पोचला असेल देव जाणे. तिने ताटलीतला एक झिंगा स्वतः सोलला, शिरीनला जवळ ओढली आणि तिच्या तोंडात घातला. "आजपासून माही," म्हणाली. निशातभाभी हुंदके द्यायला लागली, इंदुताईही. मी नाकाला पदर लावला.

जाळीवर शेवटची मरळ होती. केळीचं पान जळून काळं झालं होतं, आतून करपल्याचा वास यायला लागला होता, आणि जाफरभाई हातात चिमटा धरून लेकीकडे बघत उभा होता. आकिब मासा काढायला उठला. मी त्याला खुणेने खाली बसवलं. बघू दे त्याला, म्हटलं, पोटभर बघू दे. मरळीचा पार कोळसा झाला, आणि आम्ही सगळ्यांनी ती वाटून खाल्ली.